छोटा उदेपूरचा शनिवारचा हाट, संखेडा आणि मोडीतली भांडी

कमाटीबागी

'बडोद्याच्या आसपास जुन्या वस्तू कुठे मिळतात' हा प्रश्न या मंचावर सारखा येतो, आणि छोटा उदेपूरच्या शनिवारच्या हाटात अँटिक ढिगाने पडलेलं असतं असं दर वेळी कुणीतरी ठोकून देतं. गेल्या शनिवार-रविवारी आमची टोळी जाऊन आली. ढीगबीग काही नाही. फक्त जुन्या वस्तूंसाठी जात असाल तर पेट्रोल वाचवा. हाट बघायला मात्र जरूर जा.

डभोईवरून गेलो. हिरा भागोळीच्या वेशीपाशी थांबून कोरीवकाम पाहिलं, गाठिये खाल्ले. (भारतातली पहिली नॅरो गेज डभोई-मियागामची, १८६२ सालची, आणि सुरुवातीला ती बैल ओढायचे, हे आमच्यातल्या रेल्वेवेड्याने जाता-येता दोन्ही वेळा सांगितलं.) पुढे बोडेली, मग छोटा उदेपूर. बडोद्याहून शंभरेक किलोमीटर.

हाट भरतो तो राठवा आदिवासींच्या गरजेसाठी, आपल्या दिवाणखान्यासाठी नाही, हे पोचल्या पोचल्या कळतं. मडकी, बांबूचे टोपले, सुपं, सुकी मासळी, मिरच्यांचे लाल ढीग, पाय बांधलेल्या कोंबड्या, शहरात मिळत नाहीत असल्या भडक रंगांची लुगडी. एका म्हाताऱ्याकडे तीर-कामठी होती. कामठीची दोरीसुद्धा सुताची नाही, बांबूच्या चिरफळीची. एक गिऱ्हाईक आलं, त्याने कामठी उचलली, दोरी कानाजवळ नेऊन बोटाने टणकन वाजवली, मान हलवून खाली ठेवली. दुसरी वाजवली, तिसरी वाजवली, आणि तिसरी घेऊन गेलं. भावाबद्दल दोघांत चकार शब्द झाला नाही. आमच्यातल्या एकाला ती कामठी 'भिंतीवर लावायला' हवी होती. म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपोआप पुढे सरकला.

जुनं म्हणून जे दिसलं ते एका भंगारवाल्याच्या ताडपत्रीवर. गंजलेली कुलपं, काचा नसलेले कंदील, पितळी बॅटऱ्या, एक कर्णा नसलेला ग्रामोफोन. गळ्यात कॅमेरा दिसला की 'साहेब, एन्टिक!' अशी हाक येते. एका पोराने खिशातून रुमालात गुंडाळलेलं नाणं काढलं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

खरं जुनं दिसलं ते बाजारातल्या सोनी लोकांच्या, म्हणजे सोनारांच्या दुकानांत. गळ्यातली चांदीची हांसडी, पायातली कडली, कमरेचे कंदोरे, नाण्यांच्या माळा. आम्ही बसलो असतानाच एक बाई आली, पायातली जड कडली काढून तिने काट्यावर ठेवली. पाऊस लागायच्या आधी बियाण्याला पैसे हवे होते. दुकानदाराने वजन केलं, कसोटीवर घासलं, पैसे मोजून दिले. ती गेल्यावर कडली आमच्यापुढे सरकवून म्हणाला, 'जोईए तो लई लो, नहीं तो काले गाळी नाखीश.' पाहिजे तर घ्या, नाहीतर उद्या वितळवून टाकीन. मित्राने घेतली. मी घेतली नसती. गाडीत यावरून बरीच वादावादी झाली, इथेही होऊ द्या.

परतताना बोडेलीला एका कंसाऱ्याच्या, म्हणजे भांडीवाल्याच्या, दुकानात डोकावलो आणि मला हवं होतं ते तिथे मिळालं. दुकानाच्या मागच्या अंगाला मोडीचा ढीग होता. त्यात तळाशी एक घंगाळ, कड्यांसकट. काठावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं: एका बाईंचं नाव, पुढे 'बडोदें', पुढे 'शके १८४६'. नाव-आडनाव इथे देत नाही, वंशज बडोद्यात असतील. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या किंवा वाडीतल्या एखाद्या घरातून निघालेलं भांडं बोडेलीला मोडीत येऊन पडलं होतं आणि भट्टीत जाणार होतं. मोडीच्या भावावर किलोमागे थोडे जास्त देऊन घेतलं.

रविवारी संखेडा, लाखेच्या रंगीत लाकडी सामानाचं गाव. त्यावर खाली लिहितो, बोटं दुखली.

प्रश्न असा: एवढं सगळं घराघरातून निघतं, तर युरोप-अमेरिकेत भरतात तशी जुन्या वस्तूंची मोठी जत्रा आपल्याकडे का भरत नाही?

शेवउसळ

फोटो कुठेत? आणि 'थोडे जास्त' म्हणजे किती ते सांग. बडोदेकर असून भाव लपवतोस?

कमाटीबागी

किलोमागे शंभर. फोटो चढत नाहीयेत, साइट रुसलीय.

निमा_रावपुरा

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या आईकडे होतं. आमच्या रावपुऱ्यातल्या घरात माळाभर पितळ होतं: बंब, घंगाळं, हंडे, कळशा, फुलपात्रांच्या उतरंडी, पोळ्यांचा कडीचा डबा. स्टील आलं आणि सगळ्या बायकांना सुटल्यासारखं झालं. कल्हईवाल्याची वाट बघायची नाही, चिंच लावून घासत बसायचं नाही. आई एकेक भांडं तांबटाकडे मोडीत घालायची आणि वरचे पैसे देऊन नवं आणायची. जरीच्या साड्यासुद्धा अशाच गेल्या, जर जाळून चांदी काढणाऱ्याकडे. तिला दोष नाही देणार. घंगाळ उचलून बघ एकदा पाण्याने भरलेलं, मग 'वारसा' वगैरे बोल.

म्हणजे जत्रा न भरण्याचं कारण हे, की आपल्याकडे धातूला नेहमीच वजनाचा भाव असतो. लाकडी खुर्ची जुनी झाली तर ती फेकायची किंवा विकायची. पितळेचं तसं नाही, ते कधीही पैसे होतात. त्यामुळे वस्तू जुनी व्हायला वेळच मिळत नाही.

वूस्टरचा_बडोदेकर

नीमाताई, एकदम पटलं. इथलं बघून लिहितो, कारण कमाटीबागीने ज्या जत्रेबद्दल विचारलंय ती माझ्या घरापासून तासाभराच्याही आत भरते. ब्रिमफील्ड, मॅसॅच्युसेट्स. एरवी तिथे कुत्रं भुंकत नाही असं खेडं. मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, मंगळवार ते रविवार, रूट २० च्या दोन्ही अंगांची शेतं तंबूंनी भरतात. १९५९ साली गॉर्डन रीड नावाच्या एका लिलाववाल्याने स्वतःच्या जागेत सुरू केली. आज वेगवेगळ्या मालकांची वीसेक शेतं आहेत, प्रत्येकाचे नियम वेगळे, उघडायचा दिवसही वेगळा. काहींना प्रवेशाचं तिकीट असतं, काही फुकट.

आम्ही मित्रमंडळी शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या मोटेलात उतरून शनिवारी भल्या पहाटे जातो. खरे व्यापारी त्याही आधी, बॅटरी घेऊन फिरत असतात. शेत उघडायची वेळ झाली की दोरी सुटते आणि म्हातारेकोतारे ढकलगाड्या घेऊन पळत सुटतात. पाऊस पडला की गुडघाभर चिखल. दुपारनंतर भाव उतरतात, रविवारी तर आणखी, कारण माल परत गाडीत भरायचा कंटाळा. पण चांगलं ते मंगळवारीच उडालेलं असतं.

आता नीमाताईंच्या मुद्द्यावर. तिथे सर्वांत जास्त दिसतं ते लाकूड, काच, चिनी माती, कापड. वितळवून पैसे होत नाहीत ते टिकलंय. चांदीचे चमचे मात्र तिथेही चांदीचा भाव चढला की कमी दिसतात. आणि दुसरं म्हणजे घर रिकामं करायची पद्धत. आजी गेली, की मुलं वाटून घेतात ते घेतात, बाकी अख्खं घर एका माणसाला विकून टाकतात. आपल्याकडे तीन भाऊ आणि एक माळा, कुलूप घालून तीस वर्षं.

अवांतर: एका तंबूत 'ब्रास व्हास, एशिया' अशी चिठ्ठी लावलेला आपला गडू होता. आत सुकलेली फुलं. मी विक्रेतीला सांगितलं की यातून आम्ही पाणी पितो. तिने भाव वाढवला.

शेवउसळ

हाहाहा. तोंड बंद ठेवायला शीक.

नाणेवाला

१८१८ च्या रामदरबारी नाण्याबद्दल. कंपनीने असलं नाणं कधीही पाडलेलं नाही. हनुमान, राम, ॐ, कमळ, काहीही छापलेले हे तुकडे अलीकडचे आहेत, यांना देवळाबाहेरच्या टोकनाइतकीच किंमत. 'तांदूळ ओढून घेतं म्हणून चमत्कारी', 'करोडोला जातं' असल्या गोष्टी याच तुकड्यांवर चालतात. पोराला दोष देऊ नका, त्यालाही कुणीतरी गळ्यात मारलेलं असतं.

माळांतल्या रुपयांकडे मात्र नीट बघा. ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली, आणि १९४७ चा रुपया चक्क निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो. म्हणजे माळेतलं एकेक साल वाचल्याशिवाय 'चांदीचे रुपये' म्हणून भाव लावू नये. ओतीव नकली रुपये पुष्कळ येतात. कडेच्या रेघा बघा, ओतीव नाण्यावर त्या बोथट आणि मध्येच सांधल्यासारख्या असतात. खिशात एक छोटा वजनकाटा ठेवा, निम्मी फसवणूक तिथेच टळते.

बडोद्याची तांब्याची नाणी त्या भागात अजून सापडतात. एका बाजूला 'श्री सयाजीराव म. गायकवाड', तलवार आणि घोड्याचा खूर, दुसऱ्या बाजूला 'दोन पैसे' किंवा 'एक पैसा' आणि संवत. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन. फार महाग नाहीत. आणि घासू नका! चिंच, लिंबू, पितांबरी, काहीच नाही. तांब्याचं नाणं चकाकलं की जाणकाराच्या लेखी ते मेलं.

रेवाकाठ

मी छोटा उदेपूर जिल्ह्यातच नोकरीला आहे, म्हणून कडल्यांबद्दल बोलतो. तुमच्या मित्राने चूक केली असं मला वाटत नाही. राठवा घरात चांदी हीच बँक. पीक चांगलं आलं की घ्यायची, अडचण आली की मोडायची. त्या बाईला पैसे मिळाले, कडली मित्राने घेतली काय किंवा भट्टीत गेली काय, तिच्या हातात तेवढेच पडले असते. उलट घडण वाचली.

चिडायचंच तर ज्या भावाने ती मोडली जाते त्यावर चिडा. विकताना घडणावळ शून्य आणि वरून घट. शहरातल्या माणसाने सरळ त्या बाईला जरा बरा भाव दिला असता तर?

निमा_रावपुरा

रेवाकाठ, तो रस्ता नको. आज एकाने बरा भाव दिला की पुढच्या शनिवारी बडोद्याहून दहा गाड्या. मग बायका अडचण नसतानाही पायातलं काढतील. आणि ती चांदी पुन्हा घ्यायला जातील तेव्हा भाव कुठे असेल? सोनी निदान तिच्या ओळखीचा आहे, उद्या उधारही देईल.

रेवाकाठ

ओळखीचा आहे म्हणूनच घट लावतो, ताई. पण तुमचा दुसरा मुद्दा मान्य. गाड्या आल्या की काय होतं ते कवांटला होळीनंतरच्या घेर मेळ्यात बघतोच आहोत. नाचणाऱ्यांपेक्षा लेन्सा जास्त.

कमाटीबागी

मित्राने ती कडली बायकोला दिली. तिने वजन बघून परत केली. आता ती टीव्हीखाली आहेत. मला खटकलं ते पैशामुळे नाही. ती बाई दुकानातून उतरली, आणि पाय हलके झाल्यावर माणूस कसं वेगळं चालतं, तशी चालत गेली. ते बघितल्यावर त्या कडल्यांना हात लावावासा वाटला नाही, एवढंच. तर्काने रेवाकाठ बरोबर आहेत.

आता संखेडा. तुम्हाला वाटत असेल की झोपाळे आणि पाळणे आपण जन्मापासून बघतोय, त्यात काय बघायचं. मीही तेच म्हणत होतो. खराद्याच्या, म्हणजे लाकूड कातणाऱ्याच्या, कारखान्यात बसा अर्धा तास. सागाचा पाया खरादावर फिरतो, त्यावर रंग, मग कथलाच्या लेपात कुंचला बुडवून वेलबुट्टी. ही नक्षी त्या वेळी राखाडी, मेलेली दिसते. अकीकाच्या दगडाने घोटली की चंदेरी होते. मग जवळ विस्तव धरून लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवतात, लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या पानाने ती सारखी करतात. लाखेचा थर चढला की तीच चंदेरी नक्षी डोळ्यांदेखत सोनेरी होते. सोन्याचा कणही नसतो त्यात. आमचा रेल्वेवेडा त्या वेळी पहिल्यांदा गप्प बसला.

तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने जुनी संखेडा ओळखायची खूण सांगितली: पायाच्या खाली, जमिनीला टेकतो तिथे बघा. वरून पुन्हा रंग मारून कुणीही चमकवतं, तळाला कुणी हात लावत नाही. लाख असेल तर तिथे पापुद्र्याने सुटते, तेलरंग असेल तर ओघळ दिसतात.

वकीलसाहेब_निवृत्त

शके १८४६ म्हणजे ७८ मिळवून १९२४-२५. म्हणजे कमाटीबागी यांचं घंगाळ शंभरीला आलेलं आहे आणि पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ इथे उपस्थित होतो. हा कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. पण घाबरू नका. घरात ठेवायला नोंदणी लागते ती अधिसूचित प्रकारांनाच: दगड, धातू, लाकूड, हस्तिदंत वगैरेंची शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या. आंघोळीचं घंगाळ त्यात येत नाही. मात्र शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. वूस्टरच्या बडोदेकरांचा पुढच्या खेपेला मामांकडून एखादी जुनी मूर्ती नेण्याचा विचार असेल तर त्यांनी तो सोडून द्यावा.

जत्रा का भरत नाही याचं थोडं उत्तर इथेही आहे. शेतात तंबू टाकून जुन्या मूर्ती विकायच्या तर परवाना, नोंदवही, प्रत्येक व्यवहाराची नोंद. शिवाय त्यातली निम्मी कुठल्या देवळातून आली हे विचारायला पोलीस येणार, आणि यायलाच हवेत. हस्तिदंत तर वन्यजीव कायद्याखाली, त्याला बघायलासुद्धा थांबू नका.

वूस्टरचा_बडोदेकर

मामांना कळवतो.

चित्रशाळा

जुन्या वस्तूंच्या नावाखाली बडोदेकर सर्वांत जास्त कशात फसत असेल तर रविवर्म्यात. लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी सयाजीरावांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपल्या आजोबांकडेही एक असणारच. असतो तो छापील. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जुन्या दगडछपाईचा आणि परवाच्या ऑफसेटचा फरक दहापट भिंगातून सरळ दिसतो: ऑफसेटमध्ये ठिपके रांगोळीच्या कागदासारखे शिस्तीत, शिळाछापात दाणा वेडावाकडा. समासात छापखान्याचं नाव आहे का पाहा. मात्र बऱ्याच घरांत चौकटीत बसवताना समासच कापलेला. जर आणि टिकल्या लावलेली सरस्वती असेल तर ते काम त्या काळच्या घरच्या बायकांचं, त्याने किंमत कमी होत नाही. मला तर तीच जास्त आवडतात.

चौकटीला नवी काच, मागे नवा पुठ्ठा आणि कागद चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखा सगळीकडे सारखा पिवळा, असं दिसलं की पाय काढता घ्या. जुना कागद कडेने जास्त आणि मध्ये कमी पिवळा होतो.

शेवउसळ

पितळेचं पण सांगा कुणीतरी. मला बायकोसाठी समई हवीय.

निमा_रावपुरा

बायकोसाठी की सासूसाठी? असो. जुनं ठोक्याचं भांडं हाताला लागतं, आतून बोट फिरवलं की घावांच्या लाटा कळतात. मशीनवरच्या भांड्यात गोल गोल सारख्या रेघा. पत्र्याचं भांडं असेल तर सांधा बघ, जुन्यात तो दातेरी असतो, दात एकमेकांत अडकवून झाळलेला. समई ओतीव असते, तिला हे लागू नाही. तिचं मधलं मळसूत्र फिरवून बघ: जुन्या समईचे आटे झिजून सैल झालेले असतात आणि ती जरा डुलते. हिरवा गंज जर सगळीकडे एकसारखा असेल आणि ओल्या बोटाने निघत असेल तर तो परवाचा. वर्षानुवर्षं पुसलेली समई हात लागतो तिथे गुळगुळीत आणि खाचेत काळी असते.

आणि घेतलीस की वापर. तेल-वात कर.

कमाटीबागी

पुढच्या खेपेला रेल्वेने जायचं ठरतंय, प्रतापनगरहून छोटा उदेपूरची गाडी आहे. रेल्वेवेड्याचा आग्रह. शुक्रवारी रात्री मुक्काम, शनिवारी हाट, आणि दुपारी तेजगढची आदिवासी अकादमी. तिथलं 'वाचा' नावाचं संग्रहालय आणि राठव्यांच्या पिठोरा चित्रांच्या भिंती या खेपेला राहून गेल्या. पावसाळ्यानंतर. कोण येतंय?

नाणेवाला

मी. वजनकाटा माझ्याकडे आहे.

शेवउसळ

मी पण. पण नॅरो गेजची गोष्ट सांगणारा माझ्या डब्यात नको.

रेवाकाठ

तारीख आधी कळवा. मुक्कामाची सोय बघतो. शनिवारी दुपारी तीननंतर हाट उठायला लागतो, तेजगढ सकाळी करायचा बेत करू नका.